ॲण्ड ओब्लाइज

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या हायस्कूलच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. गावातली पहिली पदवीधर मुलगी म्हणून मलाही बोलावणं होतं. मी तालुक्याच्या शाळेत शिकवते, रजा काढून गेले. मांडव घातला होता, खुर्च्या मांडल्या होत्या. शाळा कमिटीचे अध्यक्ष पूर्वीचेच. केस पांढरे झालेत, आवाज तोच आहे. भाषणात ते हसत हसत म्हणाले, "आमच्याकडे एक इंग्रजीचे मास्तर होते. डोक्याने जरा हे. एकदा भर गॅदरिंगमध्ये चक्क माझ्या पाया पडले!"

मांडव हसला. हसू ओसरल्यावर ते गंभीर झाले. "पण त्या दिवशी मी ठरवलं. मुलांनी अध्यक्षांच्या पाया पडण्याची जुनी प्रथा मी बंद केली. माणसाने काळाबरोबर बदललं पाहिजे."

टाळ्या झाल्या. मी हात मांडीवर ठेवून बसले होते. शेजारच्या बाईंनी मला कोपराने ढोसलं, "वाजवा की!" मी वाजवल्या नाहीत. त्या प्रथेच्या रांगेत मी स्वतः उभी होते. ती कुणी बंद केली, कशाने बंद झाली आणि त्याचं मोल कुणी दिलं, हे त्या मांडवात बसलेल्या निदान पन्नास माणसांना ठाऊक होतं. आणि तीही हसली. त्या हसण्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. म्हणून हे लिहिते आहे.

सर आमच्या गावी कधी आले ते मला नक्की सांगता येणार नाही. मी आठवीत गेले तेव्हा ते होतेच. मुंबईत एका विलायती कंपनीत पत्रव्यवहाराचे कारकून होते म्हणे. प्रत्येक पत्राखाली 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक' असं इंग्रजीत लिहून साहेबाच्या सहीला ठेवायचं, हे त्यांचं काम. स्वातंत्र्य मिळाल्यावर दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ते शब्द लिहिणं सोडलं. साहेबाने विचारलं तर म्हणाले, "कालपर्यंत होतो, आज नाही." नोकरी गेली. ही गोष्ट खरी का, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "खरी आणि खरोखरची यात फरक असतो, बाई. आधी तो सांगा." आणि ते उत्तर तिथेच राहिलं.

बाई! आम्ही तेरा-चौदा वर्षांच्या मुली, परकराला शेण लागलेलं, अनवाणी. सर आम्हाला 'बसा बाई' म्हणत. मुलगे 'राव'. भंडाऱ्याचा असो, कोळ्याचा असो, सगळ्यांना अहो-जाहो. पहिले काही दिवस वर्गात नुसता हशा असायचा. मग आम्हाला त्याची सवय झाली, आणि दुसऱ्या मास्तरांचं 'ए कार्टे' कानाला खुपायला लागलं.

मुलं त्यांना 'फरकसर' म्हणत. इंग्रजीतले दोन जवळजवळचे शब्द फळ्यावर लिहायचे आणि फरक विचारायचा, हा त्यांचा छंद होता. शब्दकोशातला अर्थ सांगितला की ते कान झाकून घेत. "पुस्तकातला नको. आपल्या गावातला सांगा." अलोन आणि लोनली हे शब्द त्यांनी असे शिकवले: "दिघीच्या धक्क्यावरून लाँच सुटली. मागे एक माणूस उभा राहिला. तो अलोन आहे, हे मला इथून दिसतं. लोनली आहे का, ते जवळ जाऊन त्यालाच विचारावं लागेल." स्टील आणि रॉब यांचा फरक सांगताना त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. खिडकीतून अध्यक्षांच्या नारळी-पोफळीच्या वाडीचा दगडी गडगा दिसायचा. "स्टील म्हणजे कुणाला न दिसता घेणं. रॉब म्हणजे समोर उभं राहून घेणं. आपल्या गावात स्टील करणारे फार थोडे आहेत."

ते फार रागवत. पण मुलावर हात उगारायचा नाही असा त्यांचा नेम होता. राग आला की ते डोक्यावरची काळी टोपी काढून टेबलावर ठेवत आणि तिला बोलत. "तुला लाज वाटत नाही? काल सांगितलेलं आज विसरतेस? पुन्हा विसरलीस तर समुद्रात टाकीन." टोपी गप्प. चूक करणारा मुलगा मात्र कानापर्यंत लाल. आमच्या बोर्लीच्या बाजाराजवळ एका कोकणी मुसलमान विधवेच्या घराच्या पडवीला लागून त्यांची खोली होती. सगळं गाव त्या बाईंना चाची म्हणे. सर संध्याकाळी खोलीवर आले की चाची आतूनच विचारायच्या, "मास्तर, आज टोपीचा नंबर लागला काय?"

"लागला, चाची."

"बिचारी. त्या टोपीचा निकाह कुणाशी लावलात तर सासरी बरी सुखात राहील."

सर खो खो हसत. रागीट माणूस इतकं हसू शकतो हे मी त्यांच्याच बाबतीत पाहिलं.

त्यांची आणखी एक खोड होती. ते कुणाला पाया पडू देत नसत. गुरुपौर्णिमेला मुलं फुलं घेऊन आली की ते पाय वर घेऊन खुर्चीवरच मांडी घालून बसत. पाय धोतरात गुडुप. "फुलं द्या, हात जोडा, जा. पाय माझे आहेत, मला चालायला लागतात." कुणी वाटेत गाठलंच तर टुणकन मागे उडी मारत. मोठा माणूस असा उडी मारतो हे बघायला मुद्दाम काही कार्टी त्यांना गाठायची.

आता 'ओब्लाइज'बद्दल सांगते. रजेचा अर्ज इंग्रजीत लिहायचा असेल तर तेव्हा सगळ्या शाळांत एकच साचा होता. आई आजारी आहे, तरी कृपया रजा द्यावी, ॲण्ड ओब्लाइज. घरी लग्न आहे, ॲण्ड ओब्लाइज. ताप आला, ॲण्ड ओब्लाइज. सर प्रत्येक अर्जातले ते दोन शब्द लाल शाईने खोडत. मी एकदा आईसाठी रजा मागितली, तेव्हा त्यांनी मला टेबलाजवळ बोलावलं.

"आई कुणाची आजारी आहे, बाई?"

"माझी."

"मग तिच्याजवळ कुणी बसायचं?"

"मी."

"त्यात माझे उपकार कसले? ओब्लाइज म्हणजे मला मिंधं करा. रजा मागा, रजा घ्या, परत येऊन थँक यू म्हणा. गळ्यात दोरी घालून तिचं टोक माझ्या हातात कशाला देता?"

मी थँक यू म्हटलं. ते म्हणाले, "आई बरी झाल्यावर."

आमच्या शाळेत गरिबांच्या मुलांना फी माफ होत असे. त्याला नादारी म्हणत. नादारी कुणाला द्यायची ते कमिटी ठरवायची आणि कमिटी म्हणजे अध्यक्ष. वडील गेल्यावर वाडी आणि अध्यक्षपद दोन्ही त्यांच्याकडे वारशाने आलं होतं. वय तेव्हा पस्तिशीचं. माझे वडील भातशेती करत. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. नादारी मिळाली नसती तर मी सातवीच्या पुढे गेले नसते. हे मी कधी विसरले नाही, विसरणारही नाही.

पण तिच्यासोबत दोन प्रथा होत्या. एक, सुपारीच्या दिवसांत नादारीच्या मुलांनी शेवटचा तास सोडून अध्यक्षांच्या वाडीत सुपारी सोलायला जायचं. दुसरी, गॅदरिंगच्या दिवशी नादारीच्या मुलांनी रांगेने स्टेजवर जाऊन अध्यक्षांच्या पाया पडायचं, आणि त्यातल्या एकाने आभाराचं भाषण करायचं. हे कुठल्या नियमात नव्हतं. असंच चालत आलं होतं. फी भरणारी मुलं खाली बसून बघायची. बघताना ती काही बोलायची नाहीत, पण दुसऱ्या दिवशी भांडण झालं की म्हणायची, "जा, सुपारी सोल जा."

मी अकरावीत, म्हणजे एस.एस.सी.च्या वर्षात होते. वेळापत्रक बदललं आणि शेवटचा तास इंग्रजीचा झाला. शिपाई दारात आला, "नादारीवाल्यांनी वाडीत चला." आम्ही अर्धा वर्ग उठलो. सरांनी खडू खाली ठेवला. आम्हाला वाटलं, आता टोपीची खैर नाही. पण त्यांनी टोपी नीट बसवली, पुस्तक काखेत मारलं आणि आमच्या मागोमाग निघाले. फी भरणाऱ्यांना म्हणाले, "तुम्ही बसा. आजचा धडा वाडीत आहे."

वाडीत सुपारीचा ढीग होता. आम्ही बसलो, सरही बसले. एक सुरी मागून घेतली आणि सोलू लागले. त्यांना येत नव्हतं. सालीची कुसं बोटांत घुसत होती. सोलता सोलता ते वर्गातल्यासारखेच खणखणीत आवाजात म्हणाले, "ओब्लाइज्ड आणि ग्रेटफुल. फरक सांगा."

मग तेच म्हणाले, "दोघांच्याही डोक्यावर ओझं असतं. ओब्लाइज्ड माणसाच्या डोक्यावर ते दुसऱ्याने ठेवलेलं असतं, आणि तो दुसरा रोज बघायला येतो, आहे का अजून डोक्यावर? ग्रेटफुल माणसाने ते आपण होऊन उचललेलं असतं. त्याला कुणी विचारायला येत नाही."

तेवढ्यात विचारायला अध्यक्षच आले.

"काय मास्तर, शाळा इकडे हलवलीत?"

"नाही. मुलं इकडे हलली. मी त्यांच्यामागे आलो."

"पोरं हौसेने येतात हो. शाळेने आपल्यासाठी केलं, आपणही काही करावं, असं त्यांना वाटतं."

"असेल. फी भरणाऱ्यांपैकी एकालाही ही हौस कशी नाही, ते मी शोधतो आहे."

आमच्यातला एक मुलगा फिस्सकन हसला आणि त्याने लगेच तोंडावर हात ठेवला. अध्यक्षांनी ते पाहिलं. "तुम्ही उठा, मास्तर. तुमचे हात खराब होतायत."

"मी पगार घेतो तुमचा. ही मुलं तर नुसती फी देत नाहीत. पगार घेणाऱ्याने आधी सोलावं." आणि त्यांनी दुसरी सुपारी उचलली.

त्या दिवशी संध्याकाळी चाची त्यांच्या बोटांना खोबरेल लावत होत्या आणि शिव्या घालत होत्या. शिव्या सरांना नव्हत्या.

आठवड्याच्या आत हेडमास्तरांनी मला बोलावलं. ते भले गृहस्थ होते, पण फार घाबरट. यंदा आभाराचं भाषण मी करायचं, इंग्रजीत. 'आम्ही अध्यक्षांचे एव्हर ओब्लाइज्ड राहू' हे वाक्य त्यात हवंच, असा अध्यक्षांचा निरोप. सरांनी ते लिहून द्यायचं. आणि नादारीच्या मुलांचे परीक्षेचे फॉर्म कमिटीच्या सहीसाठी थांबलेत, ते गॅदरिंगनंतर बघू. हेडमास्तर हे सगळं टेबलाकडे बघत बोलले.

सर म्हणाले, "मी लिहिणार नाही."

मला अभिमान वाटला. घरी सांगितलं तर आबांच्या हातातला घास तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी ते सरांच्या खोलीवर गेले, मी मागोमाग. आबा उंबऱ्यापाशीच उभे राहिले.

"सर, मी अडानी मानूस. त्या शबुदात काय हाय, मला ठावं न्हाय. तुमी म्हनता त्ये खरंच असनार. पन फारमावर सही न्हाय झाली तर पोरीचं साल जाईल. आन यंदा गेलं तर पुढच्या साली घरची मानसं मला शिकवू द्यायची न्हाईत. सगळी टपून हायत तिच्या लग्नाला."

सरांनी टोपी काढली, टेबलावर ठेवली. मी वाट बघत राहिले, पण ते तिला काहीच बोलले नाहीत. ते सुजलेल्या बोटांकडे बघत होते.

"आबा, तुमची मुलगी परीक्षेला बसेल."

"आन भाषन?"

"करील. वाक्य मी लिहून देतो."

आणि त्यांनी तिथेच, माझ्या डोळ्यांदेखत, आपल्या वळणदार अक्षरात ते वाक्य लिहिलं. एव्हर ओब्लाइज्ड. माझा विश्वास बसेना. आबा हात जोडून बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "सर, तुम्ही लिहिलंत?"

"तुमचं वर्ष माझ्या शब्दापेक्षा मोठं आहे, बाई. माझ्या शब्दाचं काय करायचं ते मी बघतो."

गॅदरिंग दुपारी चारला होतं. स्टेजवर अध्यक्ष खुर्चीत, गळ्यात झेंडूचा हार, पाय जरा पुढे काढलेले. पहिल्या रांगेत त्यांच्या मातोश्री, नाकात नथ, मांडीवर नातू. आम्ही नादारीची मुलं रांगेत उभी, पहिली मी, हातात कागद. शिपायाने खूण केली. तेवढ्यात शिक्षकांच्या रांगेतून सर उठले. चपला काढल्या आणि येऊन माझ्या पुढे उभे राहिले.

"सर?"

"पगार घेणाऱ्याने आधी," ते पुटपुटले.

ते स्टेजवर चढले. टोपी काढून अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली. पंचावन्न वर्षांचा माणूस, पांढऱ्या केसांचा, गुडघे टेकून खाली वाकला आणि त्याने पस्तिशीच्या अध्यक्षांच्या दोन्ही पायांकडे हात नेले.

मातोश्री किंचाळल्या, "अरे, पाय ओढ! पाय ओढ! वडिलांच्या वयाचा माणूस पाया पडतो, आयुष्य तुटेल रे तुझं!"

अध्यक्ष दचकून उठले, खुर्ची मागे पडली. सर गुडघ्यांवरच पुढे सरकले. "असं काय करता? प्रथा आहे. मी पगार घेतो, ही मुलं फी देत नाहीत. दोघे सारखेच मिंधे. मला आधी पडू द्या."

"अहो मास्तर, उठा! उठा म्हणतो ना!" अध्यक्ष एक पाऊल मागे, सर गुडघ्यांवर तेवढेच पुढे. अध्यक्ष पडद्याला टेकले. मागे जागा उरली नव्हती. मातोश्री नातवाला खाली टाकून उभ्या राहिल्या होत्या. "बंद करा हे! आजपासून माझ्या मुलाच्या कुणी पाया पडायचं नाही! पोरांनीसुद्धा नाही! देवा, देवा!"

सर उठले. धोतराची धूळ झटकली, टोपी घातली, आणि खाली येऊन आपल्या जागेवर बसले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांना मजा वाटली असेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो चेहरा पाहिलेला नाही. जो माणूस कुणाला पाया पडू देत नसे, त्याने गावासमोर गुडघे टेकले होते.

माझ्यामागची रांग मोडली. मी एकटी वर गेले आणि कागद वाचला. ते वाक्यही वाचलं, एकही शब्द न गाळता. कुणी ऐकत नव्हतं. अध्यक्ष खुर्चीच्या मागे उभे होते, पाय खुर्चीआड. पण वाक्य वाचलं गेलं होतं, सांगितलेलं सगळं मी केलं होतं, त्यामुळे फॉर्मवर सही न करायला कारण उरलं नाही. पुढच्या वर्षी रांगही नव्हती आणि सुपारीही नव्हती. मातोश्रींना इतकी धास्ती बसली होती की नादारीचं पोर वाडीच्या गडग्याशी दिसलं तरी त्या हाकलून लावत.

तर ही प्रथा अशी बंद झाली. अध्यक्षांना काही उमगलं म्हणून नव्हे. एका माणसाने स्वतःची मान मोडून ती मोडली. आणि कमिटीने एप्रिलमध्ये त्या माणसाला दोन ओळींत कळवलं, की आपल्या सेवेची यापुढे गरज नाही. हेडमास्तर काही बोलले नाहीत. गाव काही बोललं नाही. ज्यांची मुलं त्या रांगेतून सुटली तेही बाजारात म्हणायचे, "मास्तर चांगला, पण डोकं फिरलेलं." आज इतक्या वर्षांनी नव्या इमारतीत ते सुखाने हसतात. पुढे मी मुंबईला मामाकडे राहून शिकले, बी.ए. झाले. पहिल्या वर्षी सरांचं एक पत्र आलं, कुठल्याशा शाळेत काम मिळाल्याचं. त्यानंतर मी लिहिलेली पत्रं परत आली. ते आज कुठे आहेत, मला ठाऊक नाही.

सर गेले तो दिवस मला आठवतो. परीक्षा झाली होती. खाडीवरच्या धक्क्यावरून सकाळची लाँच होती. शिक्षकांपैकी कुणी आलं नाही. चाचींनी वाटेत खायला सांदणांचं फडकं बांधून दिलं, आणि "आता भांडू कुणाशी?" म्हणून आत निघून गेल्या, त्या बाहेर आल्याच नाहीत. सरांची एक लोखंडी पेटी होती, पुस्तकांनी भरलेली. हमाल ठरवलेला होता. तो यायच्या आधीच आबांनी चुंबळ केली आणि पेटी डोक्यावर घेतली.

सर गडबडले. "आबा, खाली ठेवा. फार जड आहे. हमाल येतोय."

"ऱ्हाऊंद्या."

"अहो, तुम्ही कशाला? तुम्हाला कुणी सांगितलं?"

"व्हय, त्येच तर," आबा चालायला लागत म्हणाले. "कुनी सांगितल्यालं न्हाय."

सर जागच्या जागी थांबले. मला वाटलं, त्यांचं काही राहिलं म्हणून ते आठवतायत. मग ते निघाले आणि धक्क्यापर्यंत आबांच्या मागून चालत आले. आबांच्या मानेवरून घाम ओघळत होता. लाँच लागली, पेटी चढली. सर वळले. त्यांच्या डोक्यावर टोपी होती, पण डोळे लाल होते.

मी वाकले. त्यांचा एक पाय सवयीने मागे गेला. मग त्यांनी तो परत पुढे आणून ठेवला.